मधली सीट

१

धनराज खैरनारला घाण सहन होत नसे, आणि पोटापाण्याला तो लागला होता तो नेमका घाणीच्याच खात्यात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या येतात. धनराजच्या टेबलावर यायचे ते पोत्यात बांधलेले कपडे, वाळून पापडासारख्या झालेल्या चादरी आणि झाकण नीट न लावलेल्या बरण्या. इतकी वर्षं झाली तरी त्याची किळस मेली नव्हती. सहकारी हसायचे. "खैरनारसाहेब, तुम्हाला अत्तराच्या दुकानात पाठवायचं होतं, चुकून इकडे आलात," म्हणायचे. घरी बायको, उज्वला, तो अंघोळ करून आल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा विचारत नसे.

पण माणूस कामात चोख होता. किंबहुना किळसेमुळेच चोख होता. घाणीत दुसऱ्यांदा हात घालावा लागू नये म्हणून पहिल्याच खेपेला सगळं नीट बघून घ्यायचा.

सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात त्याला पेठ रस्त्याकडच्या एका पोलीस ठाण्यात जीप तपासायला पाठवलं. प्रकरण वर्तमानपत्रात येऊन गेलं होतं. पेट्रोल पंप लुटणारी टोळी काळ्या-पिवळ्या जीपमधून पळाली अशी खबर होती, म्हणून सावळघाटाच्या अलीकडे नाकाबंदी लागली. तिन्हीसांजेला एक काळी-पिवळी आली, दिवे बंद करून आली, हात दाखवला तरी थांबली नाही. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चालक जागीच गेला. मग कळलं की तो कुठल्याच टोळीचा नव्हता. भिका नावाचा, नाशिक ते पेठ पॅसेंजर भरणारा साधा जीपवाला होता तो. मग थांबला का नाही, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. गाडीत भिका एकटा होता आणि त्याने गाडी अंगावर घातली, एवढंच पोलिसांचं म्हणणं.

गोळ्या किती आल्या, कुठून आल्या आणि गाडीत कुठे गेल्या, हे धनराजने सांगायचं होतं. त्याच्या दृष्टीने ते अर्ध्या दिवसाचं काम होतं. जेवायच्या वेळेपर्यंत घरी येईन, असं त्याने उज्वलाला सांगून ठेवलं होतं.

२

ठाण्याच्या मागच्या आवारात जप्त केलेली वाहनं सडत पडली होती. चाकं नसलेल्या मोटारसायकली, हातभट्टीचा वास अजून न गेलेला एक टेम्पो आणि कडेला निंबाखाली ताडपत्री घातलेली जीप. ठाण्यातले सगळ्यात जुने हवालदार, कारभारी, ताडपत्रीची दोरी सोडायला आले. दोरी सुटताच ते लगबगीने मागे सरले.

"नाकाला काहीतरी लावा साहेब," ते म्हणाले. "ऑक्टोबरचं ऊन हे. त्यात बंद गाडी. लय वाईट वास हे."

धनराजने खिशातली बामची डबी काढून नाकाखाली बोट ओढलं आणि दार उघडलं.

वास अंगावर आला. रक्ताचा वास त्याच्या ओळखीचा होता. चालकाची सीट, स्टिअरिंगचा दांडा, खालचा पत्रा, सगळीकडे भिकाचं रक्त करपलेल्या काकवीसारखं काळं होऊन बसलं होतं. त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता. गोडसर, जड, घशाच्या मागे जाऊन चिकटणारा. तो वास रक्ताचा नसतो, आख्ख्या माणसाचा असतो, आणि माणूस बरेच दिवस एका जागी राहिल्यावरच येतो. भिकाला तर त्याच रात्री शवविच्छेदनाला नेलं होतं.

"गाडीत उंदीर-बिंदीर मेलाय का?" धनराजने विचारलं.

"बघितलं साहेब. काय नाय सापडलं."

मग धनराजचं लक्ष माश्यांकडे गेलं. माश्या असणारच, त्यात नवल नव्हतं. पण भिकाच्या सीटवर, जिथे खायला एवढं वाढून ठेवलं होतं, तिथे एकही माशी नव्हती. सगळ्या माश्या मधल्या सीटवर होत्या. चालक आणि डावीकडचा पॅसेंजर यांच्यामध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघे लावून बसतात त्या जागेवर. हिरव्या पाठीच्या, लठ्ठ माश्या. त्याने फायलीने वारा घातला तर माश्या उठाव्यात, घोंघावाव्यात, तोंडावर याव्यात. त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

आणि त्या जागेवर रक्ताचा थेंब नव्हता. रेक्झीन कोरडं होतं. फक्त बसकं झालं होतं, कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं. जुन्या गाडीचा स्पंज असाच असतो, धनराजने स्वतःला सांगितलं. रोज दहा माणसं कोंबणाऱ्या जीपची सीट आणखी काय फुगून राहणार?

३

भोकं मोजायला वेळ लागला नाही. समोरच्या काचेत तीन, डाव्या दारात दोन. काचेतल्या उजवीकडच्या भोकातून आलेली गोळी भिकाच्या मानेतून जाऊन मागच्या पत्र्यात रुतली होती. ती पोलिसांनी आधीच काढून पाकिटात घातली होती. उरल्या चार.

धनराजची पद्धत जुनी आणि बिनचूक होती. भोकातून पातळ सळी घालायची, सळी ज्या रेषेत राहील त्या रेषेत पांढरा दोरा पलीकडपर्यंत ओढायचा आणि गोळी कुठे जाऊन बसली ते बघायचं. पहिला दोरा त्याने काचेपासून आत घेतला. रेषा मधल्या सीटवरून जात होती आणि पाठीच्या गादीला जाऊन लागायला हवी होती. त्याने गादी बोटांनी चाचपली. भोक नव्हतं. रेक्झीनला ओरखडासुद्धा नव्हता.

दुसरा दोरा, तेच. मग दारातले दोन. दारातून शिरलेली गोळी सीट ओलांडून चालकाच्या अंगात किंवा त्याच्या दारात जायला हवी. तिथेही काही नव्हतं. चारही गोळ्या आत आल्या होत्या, एकही बाहेर गेली नव्हती, एकही कशात रुतली नव्हती. चारही दोरे एकमेकांना छेदत होते ते मधल्या सीटवर, बुटक्या माणसाच्या छातीपासून गळ्यापर्यंतच्या उंचीत.

याचा अर्थ शाळेतल्या पोराला कळला असता. तिथे कोणीतरी बसलं होतं. गोळ्या त्याच्या अंगात राहिल्या होत्या आणि ते अंग आता इथे नव्हतं. मग पोलीस एकच माणूस का सांगत होते?

पण तेवढ्याने भागत नव्हतं. छातीत चार गोळ्या लागलेला माणूस रक्ताचा सडा घालतो. इथे थेंब नव्हता.

काचेतली शेवटची सळी नीट बसली नव्हती म्हणून त्याने ती आणखी बोटभर आत ढकलली. सळी थांबली. आत हवा होती, त्याला काचेतून समोर दिसत होतं की आत नुसती हवा आहे. तरी सळीचं टोक कशात तरी शिरलं, भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं, हळू, थोडं आत ओढून घेतल्यासारखं. त्याने झटकन सळी बाहेर काढली. टोक ओलं होतं.

ग्रीस असेल. सळ्या पेटीत पडून असतात, कोण पुसतो? असं म्हणत त्याने ते टोक नाकाजवळ नेलं आणि नेल्याक्षणी पस्तावला. बामचा झणका भेदून तो गोड वास थेट घशात उतरला.

४

ठाण्याच्या फाटकाशी नळ होता. धनराज तिथे हात धुवत बसला, पुन्हा पुन्हा साबण लावत. फाटकाच्या बाहेर एक माणूस उकिडवा बसला होता. काळा, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. धनराज हात पुसायला लागला तसा तो उठून जवळ आला.

"सायेब, जीप बघाया तुमीच आले ना?"

"हो. का?"

"माझी आय हाय का त्यात?"

धनराजचा रुमाल हातातच राहिला. "तू कोण?"

"मी सोमा. सोमा भोये. पेठाच्या पल्याडचा." तो हात जोडून उभा होता, पण आवाजात याचना नव्हती. बसस्टँडवर गाडीची चौकशी करावी तसं विचारत होता. "माझी आय, चिमणाबाई. दवाखान्यात मेली. भिका आमच्या गावचाच. म्हनला, मी नेतो मावशीला. म्हनून त्याच्या जीपमधी बसवली."

"बसवली म्हणजे?"

"मधी बसवली. लुगड्यानं सीटला बांधली, पदर डोक्यावरून पुढं वढला. आमच्याकडं तसंच नेत्यात, सायेब. टपावर टाकीत नाय. माणूस हाय, सामान हाय का? मी बहिणीला आणाया मागं ऱ्हायलो. ती दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला व्हती. तिला घेऊन येष्टीनं घरी गेलो, तर जीप आलीच नाय."

"भिका नाक्यावर थांबला का नाही?"

हे काय विचारायचं असतं, अशा नजरेने सोमाने त्याच्याकडे पाहिलं. "गाडीत मयत असलं तर कोन थांबल, सायेब? पोलीस सतरा सवाल करतील, कागूद मागतील, रातभर बसवतील. समदे जीपवाले तसंच करत्यात. लायटी बंद करायच्या आन निघून जायाचं."

"आणि हे तू ठाण्यात सांगितलंस?"

"रोज सांगतो. म्हनत्यात, बाई नव्हतीच गाडीत. तू दारू पिऊन आलाय." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "मला केस नको, काय नको. आय द्या म्हनावं. तिला माती द्यायची ऱ्हायलीय. तुमी लिवलं की दोन माणसं व्हती, तर त्यांला द्यावीच लागंल. व्हय ना?"

धनराजला एकदम सगळं उलगडलं. मेलेल्या माणसाच्या अंगातून रक्त येत नाही. काळोखात पोलिसांनी दार उघडलं असेल, बॅटरीच्या उजेडात म्हातारी दिसली असेल, छातीत चार भोकं. आपण एक बाई मारली, असं समजून त्यांनी तिला नाहीशी केली असेल. आधीच मेलेल्या बाईचा खून लपवत बसले होते बिचारे. त्याला हसू यायला हवं होतं. आली ती नुसती शिसारी.

"मला गाडीत जे दिसेल ते मी लिहीन," तो म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

सोमा वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेला. धनराज मागे सरला. त्या हातांना मातीचा आणि घामाचा वास होता, आणि तेवढाही त्याला त्या वेळी नको झाला होता.

५

आता एकच काम उरलं होतं. धनराजची एक खोड होती, प्रयोगशाळेत तिच्यावरून चेष्टा व्हायची. दोरे जिथे एकत्र येतात तिथे तो स्वतः जाऊन बसायचा. माणसाची उंची, मान किती वळलेली, हात कुठे, हे कागदावर कळत नाही, त्या जागी बसल्यावर कळतं, असं तो म्हणायचा. कोर्टात एकदा या खोडीमुळेच त्याची साक्ष टिकली होती. त्यामुळे किळस कितीही येवो, बसल्याशिवाय तो काम पुरं झालं असं मानत नसे.

त्याने सीटवर वर्तमानपत्राचं पान पसरलं. पान सपाट राहिलं नाही. मध्ये थोडं उचलल्यासारखं झालं, कडा खाली लोंबल्या. स्पंज, त्याने मनात म्हटलं. डावीकडून दोऱ्यांखाली वाकत तो आत शिरला.

जवळून बघितल्यावर कळलं की माश्या सीटवर बसलेल्या नव्हत्याच. त्या सीटच्या वर होत्या. काही छातीच्या उंचीवर होत्या, दोरे शिरत होते तिथे दाटी करून. काही त्याहून वर, एका गोलसर घोळक्यात, पंख मिटून. त्या उडत नव्हत्या. बसल्या होत्या. पाय पुसत होत्या.

दोऱ्यांवर बसल्या असतील. माशीला दोरा काय, तार काय. धनराजची बुद्धी अजून असं काहीबाही पुढे करत होती, आणि तोही घरच्या आजारी माणसाचं ऐकावं तसं तिचं ऐकत होता. त्याने श्वास धरला, गिअरचा दांडा बाजूला करून पाय आत घेतले आणि बसला.

पान वाजलं नाही. त्याच्याखाली सीट नव्हती. दोन मांड्या होत्या. कृश, म्हाताऱ्या, हाडं लागणाऱ्या. पॅन्टमधून त्यांचा गारवा सरळ त्याच्या अंगात चढला. आणि तो हे समजून घेईपर्यंत त्या मांड्या किंचित हलल्या. भरलेल्या जीपमध्ये आणखी एक पॅसेंजर आला की बाई जशी चुळबुळ करून जागा करून देते, तशा. एक थंड, ओला दाब त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी पुढे आला आणि पोटावर टेकला. मांडीवरचं मूल पडू नये म्हणून धरतात, अगदी तसा.

माश्या उठल्या. सगळ्या एकदम उठल्या आणि त्याच्या तोंडावर, पापण्यांवर, ओठांवर बसल्या.

तो कसा बाहेर आला ते त्याला कळलं नाही. दोन दोरे तुटून त्याच्या शर्टाला लटकत होते. निंबाच्या बुंध्याला धरून तो ओकला. सकाळची पोळी, चहा, सगळं. कारभारी हवालदार तांब्या घेऊन धावत आले.

"ऊन लागलं, साहेब," ते म्हणाले. पण ते जीपकडे बघत नव्हते. त्यांनी जाणूनबुजून पाठ तिकडे केली होती. "म्या नाय जात तिकडं," ते हळूच म्हणाले. "धुवायला सांगितली होती ती गाडी. एकपण पोरगं तयार झालं नाय."

६

इन्स्पेक्टर यादव चांगला माणूस होता, हीच अडचण होती. त्याने धनराजला पंख्याखाली बसवलं, लिंबूपाणी मागवलं आणि स्वतःची खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.

"यादवसाहेब, गाडीत दोन माणसं होती," धनराज म्हणाला. बोलताना दात वाजू नयेत म्हणून त्याला जबडा धरावा लागत होता. "मधल्या सीटवर एक होतं. चार गोळ्या त्याला लागल्या."

यादवचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तो म्हणाला, "पोरं नवी होती हो. अंधार पडत होता. एकाने घोडा ओढला की बाकीचे ओढतात. मी तरी काय करणार होतो?"

"ती आधीच मेलेली होती."

"काय?"

"दवाखान्यातून प्रेत घेऊन चालला होता भिका. बसवून. तुमच्या पोरांनी तिला मारलं नाही. मेलेलीवर गोळ्या झाडल्या."

धनराजला वाटलं होतं की हे ऐकून यादव खचेल, निदान लाजेल. यादवने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि छातीतून लांब श्वास सोडला. सुंठीवाचून खोकला गेल्याचं समाधान त्याच्या तोंडावर पसरलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

"देव पावला," तो म्हणाला. "झोप नव्हती हो मला. म्हणजे मेली ती आमच्या हातून नाही. मग काही प्रश्नच नाही!"

"तिचा मुलगा फाटकाशी बसलाय. त्याला ती हवीय."

"आता ती कुठून देऊ?" यादव खालच्या आवाजात म्हणाला. "घाटातली दरी काय थोडीथोडकी आहे? इतक्या दिवसांत तरसांनी, कोल्ह्यांनी काय ठेवलं असेल?" मग त्याने धनराजच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे बघा. जित्या माणसाची गोष्ट वेगळी. मेलेलं माणूस म्हणजे एक प्रकारचं सामानच. तुम्ही दोन लिहिलंत की चौकशी लागली. मग गाडी पुन्हा बघा, पुन्हा दोरे लावा, कोर्टात जा, तिथे पुन्हा सगळं दाखवा. किती वेळा त्या गाडीत जाऊन बसणार आहात?"

यादवला काहीच माहीत नव्हतं. तो सहज बोलून गेला. पण धनराजच्या पोटावर तो ओला दाब पुन्हा उमटला, ओठांवर माश्यांचे पाय फिरले. पुन्हा त्या सीटवर बसायचं. पुन्हा. त्याला सोमाचे जोडलेले हात दिसत होते, आपण दिलेला शब्द ऐकू येत होता, आणि तरी त्या क्षणी त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. घर, गरम पाणी आणि साबणाची नवीन वडी.

त्याने लिहून दिलं. चार गोळ्या गाडीतून आरपार गेल्या, आणि चालकाखेरीज गाडीत दुसरं कोणी असल्याचं आढळलं नाही. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं त्याने या नोकरीत पुष्कळ पाहिली होती आणि त्यांची त्याला किळस यायची. आता स्वतःची आली. पण सही करून झाली होती.

७

दोरे आणि सळ्या काढायला तरी जीपपाशी जावंच लागणार होतं. यादव बरोबर आला. त्याची पावलं आता हलकी पडत होती.

जीपमध्ये वास नव्हता. भिकाच्या रक्ताचा होता, पण तो दुसरा, गोड वास गेला होता. माश्या आता चालकाच्या सीटवर होत्या, जिथे त्या पहिल्यापासून असायला हव्या होत्या, आणि फायल हलवताच भणभणत उठत होत्या. मधली सीट फुगून वर आली होती. वर्तमानपत्राचं पान तिच्यावर सपाट पडलं होतं आणि मधोमध भिजून पारदर्शक झालं होतं.

त्या पानावर चार गोळ्या होत्या.

दोघेही बघत राहिले. शिशाची टोकं चेपलेली, आणि त्यांना करड्या रंगाचं, मऊ, चोथ्यासारखं काहीतरी चिकटलेलं. त्यातल्या एका गोळीला पांढऱ्या केसाचं वेटोळं होतं.

"तुम्ही तर म्हणालात, गाडीत नाहीत," यादव म्हणाला.

"नव्हत्या."

यादवने खिशातून रुमाल काढला, पानासकट गोळ्या उचलल्या आणि गाठ मारली. त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांनाही उत्तर ऐकावं लागलं असतं. रुमालाची गाठ हातभर लांब धरून तो ठाण्यात निघून गेला.

धनराजने दोरे गुंडाळले. गेली म्हणायची, त्याच्या मनात आलं. कोण, कुठे, हे त्याने मनात येऊ दिलं नाही. सीट रिकामी होती, वास नव्हता, एवढ्यावरच त्याला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

८

फाटकाकडे जाताना पेटी जड वाटत होती. दिवसभर वाकून काम केलं की खांदे असेच भरून येतात. शर्ट पाठीला ओला चिकटला होता, घाम असणार, ऑक्टोबरात घाम येणारच. नुसता गार होता तो, इतकंच. बाम पुसून गेला असावा, कारण तो गोड वास मधूनच नाकात शिरत होता. कपड्यांना लागला असेल. हे कपडे घरी न्यायचेच नाहीत, वाटेत कुठेतरी टाकून द्यायचे, असं त्याने ठरवलं.

सोमा त्याला बघताच उठला. धनराजने मान खाली घातली, त्याच्या शेजारून भरभर निघून जायचं असा त्याचा बेत होता. पण सोमा वाटेत आला, हात जोडून. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. तो धनराजच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याच्या खांद्याच्या थोडं वर बघत होता.

"लय उपकार झालं, सायेब," तो म्हणाला. "आता खाली ठेवा तिला."

"काय?"

"आयला खाली ठेवा. मी घेतो." त्याने दोन्ही हात पुढे केले, ओझं उतरवून घ्यायला करतात तसे. "किती वाकलाय तुमी. तुमच्यानं नाय व्हायचं पेठापातुर."

धनराजच्या कानामागे एक माशी येऊन बसली. मग दुसरी. त्याने हात वर नेला नाही. हात वर नेला तर तो कशाला लागेल याची त्याला भीती वाटली. एवढंच म्हणायचं होतं, 'घे बाबा'. दोन शब्द. पण ते म्हटले तर ठाण्यात परत जावं लागणार होतं, लिहिलेलं खोडावं लागणार होतं.

"सोमा," तो म्हणाला, "गाडीत कोणी नव्हतं."

सोमाचे हात तसेच पुढे राहिले. आणि धनराजच्या गळ्याभोवती पाठीमागून आलेली दोन थंड मनगटं, इतका वेळ सैल होती, ती एकमेकांत नीट अडकली.